चोवीस तास हात लावू नये

अंकुश कापगतेच्या नव्या गाडीवर पहिला काळा ठिपका पडला तो तिसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, राइस मिलच्या वळणावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण अंकुशने गाडी तिथेच बाजूला घेतली, खाली उतरला आणि घड्याळ पाहिले. एखादा माणूस गेल्यावर डॉक्टर पाहतात, तसे.

धान उकडायचे म्हणजे वाफ लागते, वाफेसाठी भट्टी लागते आणि भट्टीत धानाचाच भुसा जाळतात. त्याची राख धुराड्यातून वर जाते आणि वर गेलेली राख कुठेतरी खाली येणारच. गेली कित्येक वर्षे ती शेतावर, झाडांवर आणि वाळत घातलेल्या धोतरांवर पडत होती. कोणी तिची दखल घेतली नव्हती. आता ती मोतिया पांढऱ्या रंगाच्या बॉनेटवर पडली आणि प्रश्न गंभीर झाला.

राखेचा कण फुंकून उडवायचा असतो, हे लहान मुलालाही कळते. अंकुशने तो रुमालाने पुसला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ पुसली, तिचा डाग झाला. डाग पुसता पुसता कार्यालयाची वेळ टळली.

अंकुश लाखनीपासून चार किलोमीटर आतल्या गावात राहायचा आणि जवाहरनगरच्या अलीकडच्या, दारूगोळ्याच्या एका सरकारी भांडारात वरिष्ठ लिपिक होता. जाणे पस्तीस किलोमीटर, येणे पस्तीस. वाटेत गावाबाहेर ट्रॅक्टरांनी धानाच्या बांधीतून आणून टाकलेला चिखल, महामार्गावर ट्रकांचा धूर आणि मग ही मिल. गाडी रोजची होती. घरात झाकून ठेवून पूजा करायची नव्हती. तरी अंकुशची एक साधी इच्छा होती. शाळेची पुस्तके त्याला भावाची मिळाली, लग्नातला कोट मेव्हण्याचा, स्कूटर एका तलाठ्याची, आणि मोबाइलसुद्धा बायकोने नवा घेतला तेव्हा तिचा जुना. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याच्या हाती पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती की जिच्यावर आधी कोणाचा हात फिरलेला नव्हता. ती निदान वर्षभर नवी राहावी. एवढेच. यात मागणे जास्त होते असे त्याला अजूनही वाटत नाही.

"काहीतरी लावा लागते जी तिले," बायको तृप्ती म्हणाली. "चेहऱ्याले नाही का लावत, तसं."

वाक्य सहज होते. अंकुशच्या पुढच्या दीड महिन्याची वाट त्यानेच लावली.

सल्ला पहिल्यांदा दिला शेजारच्या केवळरामने. केवळराम सल्ला देण्यासाठी कुंपणापाशी उभा राहायचा. तिथल्या तारेला त्याच्या कोपराने बाक आला होता.

"कायले लावतं बे काही? माह्या गाडीले दोन वर्षं झाले. धुतलीच नाही मी."

"धुतलीच नाही?"

"पहिल्या वर्षी जे मळते ना, तेच बसते पक्कं. त्याच्यावर नवीन मळ चढत नाही. फुकटचं कोटिंग होते. हात लावून पाह्य."

अंकुशने हात लावला नाही. केवळरामच्या गाडीचा मूळ रंग निळा होता असे गावातले जुने लोक सांगत.

दुसरा सल्ला कार्यालयातले मधुकरराव यांचा. मधुकरराव वर्षभरात निवृत्त होणार होते आणि कोणतीही गोष्ट त्यांना मुळापासून समजावून सांगायला आवडायची. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत डब्याचे झाकण उलटे ठेवले आणि त्यावर पाण्याचे तीन थेंब टाकले.

"हे पहा अंकुशराव, फणस कापताना आपण हाताला तेल लावतो. का? चीक चिकटू नये म्हणून. गाडीचंही तसंच. पहिला प्रकार मेण. ते दोन महिने टिकते, पण आपल्याकडच्या मे महिन्यात मेणाचं काय होते ते मी सांगायला नको. दुसरा प्रकार सिरॅमिक. ते दोन वर्षं टिकते, पण गाडी तीन दिवस त्यांच्याकडे ठेवा आणि मग आठ दिवस पाण्यात नेऊ नका."

"या पावसाळ्यात? आठ दिवस? मी येऊ कशानं?"

"म्हणूनच तिसरा प्रकार. सीलंट. पातळ औषध असते. घरी लावता येते, सहा महिने टिकते. मेण साध्या माणसाचं, सिरॅमिक मोठ्या माणसाचं, आणि सीलंट हे मधल्या माणसाचं."

अंकुशला आयुष्यात प्रथमच असे वाटले की कोणीतरी एखादी गोष्ट खास आपल्यासाठी तयार केली आहे.

"तुमच्या गाडीला काय लावलं आहे?" त्याने आदराने विचारले. मधुकररावांची गाडी सात वर्षांची होती आणि आरशासारखी होती.

"मी तिला कव्हर लावले आहे," मधुकरराव म्हणाले. "आणि मी बसने येतो."

शनिवारी अंकुश भंडाऱ्याला निकेशकडे गेला. निकेशचे बायपासवर गाड्या चमकवायचे दुकान होते. दुकानाला तो स्टुडिओ म्हणायचा. वय सव्वीस, काळा टी-शर्ट, हातांत काळे हातमोजे. तो अंकुशशी बोलण्याआधी गाडीशी बोलला, म्हणजे तिच्याभोवती एक चक्कर मारून "अरे रे" असे म्हणाला.

"सर, सीलंट लावाले हरकत नाही. पण आधी करेक्शन करा लागन."

"करेक्शन कशाचं? नवी आहे."

"नवीच तर." निकेशने एक दिवा काढला. तो लावल्यावर दुकानातली सगळी माणसे आजारी दिसू लागली. दिवा त्याने बॉनेटजवळ नेला आणि त्या प्रकाशात अंकुशला दिसले की आपल्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक गोल रेघा आहेत. शेकडो. बॉनेटवर, दारांवर, टपावर.

"ह्या कधी पडल्या?"

"तुम्ही पुसली असन ना, सर. कोरड्या रुमालानं."

अंकुशने तो दिवा पाहायला नको होता. कारण रेघा तोपर्यंत नव्हत्या, म्हणजे होत्या, पण अंकुशसाठी नव्हत्या. आता त्या उन्हात दिसू लागल्या, पथदिव्याखाली दिसू लागल्या, डोळे मिटल्यावरही दिसू लागल्या. संध्याकाळी त्याने तृप्तीला बाहेर बोलावून दाखवल्या. तिला एकही दिसली नाही. "मले तुमच्या कपाळावर दिसून राहिल्या," ती म्हणाली आणि भात उतरवायला आत गेली.

करेक्शन म्हणजे पुन्हा तीन दिवस गाडी ठेवणे, म्हणून ते राहिले. अंकुशने फक्त सीलंटची एक बाटली घ्यायचे ठरवले. ती आणायला तो सोमवारी कार्यालयात जाता जाता निकेशकडे थांबला. ही चूक होती. बाटली संध्याकाळी परतताना घ्यायला हवी होती. पण माणसाला आपली चूक कळायला मध्ये एक फाटक लागते.

भांडाराच्या फाटकावर प्रत्येक गाडीची डिकी उघडून पाहतात. नियमच आहे, आणि तो योग्य आहे. त्या दिवशी ड्यूटीवर रुखमिणी मॅडम होत्या. त्या अंकुशला अकरा वर्षे ओळखत होत्या, पण डिकी उघडताना त्या कोणालाच ओळखत नसत.

"हे काय आहे, सर?"

"गाडीला लावायचं औषध."

"गाडी आजारी आहे?"

"नाही. चमकण्यासाठी."

"पेट घेते का?"

अंकुशने बाटली फिरवून पाहिली. मागे लाल चौकोनात एक ज्वाळा काढलेली होती. चित्रकाराने ती मन लावून काढली होती.

"बाटली जमा करा लागन," रुखमिणी मॅडम म्हणाल्या. "अर्ज भरा. सोडवून नेजा."

अर्ज तीन प्रतींत होता. वस्तूचे नाव. अवस्था: घन, द्रव की वायू. प्रयोजन. सातव्या रकान्यात 'वस्तूपासून संभाव्य धोका' लिहायचा होता. अंकुशने तो रिकामा सोडला, कारण तेव्हा त्याला काही धोका दिसत नव्हता.

असे अर्ज पुढे कुठे जातात, हे त्याला ठाऊक असायला हवे होते. तीन दिवसांनी टपालाच्या गठ्ठ्यातून तो अर्ज त्याच्याच टेबलावर आला. जप्त वस्तूंचे अर्ज तपासण्याचे काम गेली चार वर्षे अंकुशकडेच होते. समोर त्याचाच अर्ज, त्याचीच सही, आणि सातवा रकाना रिकामा. रिकाम्या रकान्याचा अर्ज त्याने आजवर कोणाचाही पुढे पाठवला नव्हता. एकदा तर साहेबांच्या साडूचा परत केला होता. शेवटी त्याने लाल शाई उघडली, 'माहिती अपुरी, अर्जदाराकडे परत' असा शेरा मारला आणि अर्ज जावक टपालात टाकला. तो अर्ज सही-शिक्क्यासह त्याच्या घरच्या पत्त्यावर पोचायला पाच दिवस लागले. पोस्टमनने तो हाती देताना विचारले, "सरकारी दिसते जी. काही लफडं नाही ना?"

या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकरा दिवस राख पडत होती. सातवा रकाना भरून दिल्यावर बाटली सुटली शुक्रवारी संध्याकाळी, गळ्यात सुतळीने बांधलेला एक पुठ्ठ्याचा बिल्ला घेऊन. आणि रविवार उजाडला तो कोरडा, ढगाळ आणि वाऱ्याशिवाय. निकेशने सांगितले होते तसाच.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी पोळा होता. ही गोष्ट अंकुशला ठाऊक होती. ठाऊक असणे आणि ध्यानात असणे यात अंतर असते, एवढेच.

इथे अंकुशच्या वडिलांविषयी सांगायला हवे. तुलारामजी शहात्तर वर्षांचे होते. वैशाखात त्यांनी आपली बैलजोडी पवनीकडच्या एका शेतकऱ्याला देऊन टाकली होती. चिखलणी आता भाड्याच्या ट्रॅक्टरने व्हायची, बैल नुसते दावणीला उभे राहायचे, आणि गुडघ्यांमुळे तुलारामजींच्याने त्यांचे करवत नव्हते. द्यायचे त्यांनीच ठरवले, नवा कासरा त्यांनीच बांधला आणि वेशीपर्यंत तेच पोचवून आले. त्यावर नंतर एक शब्द बोलले नाहीत. पुढे आषाढात गाडी आली. तिच्याविषयीही ते काही बोलले नाहीत. अंकुशने चारपाचदा म्हटले, "बाबा, बसा ना, लाखनीले जाऊन येऊ." दर वेळी उत्तर तेच. "माह्यं काय काम आहे तिकडं?" आणि ते पायी निघायचे.

रविवारी अंगणात गाडी धुऊन, पुसून, वाळवून झाल्यावर अंकुशपुढे प्रश्न पडला की औषध लावून ती ठेवायची कुठे. अंगणात कडुनिंबाची पाने पडत होती आणि पावसाचा भरवसा नव्हता. छपराची, तिन्ही बाजूंनी बंद अशी एकच जागा घरात होती. बैलांचा गोठा. तो वैशाखापासून रिकामाच होता. अंकुशने गाडी मागे घेत घेत गोठ्यात नेली आणि बरोबर दावणीपुढे उभी केली.

मग काम सुरू झाले. नऊ वर्षांची रक्षा, म्हणजे अंकुशची मुलगी, उलट्या टोपलीवर बसून बाटलीवरच्या सूचना एकेक करून वाचत होती आणि वाचलेली प्रत्येक सूचना बापाकडून नीट पाळून घेत होती.

"पप्पा, पातळ थर लावायचा आहे. तुम्ही जाड लावून राहिले."

"पातळच आहे, बेटा."

"मग हे पांढरं काय दिसते?"

अंकुशने पातळ केला. पंधरा मिनिटे थांबला, मऊ कापडाने गोल गोल न पुसता सरळ पुसले. दार झाले, दुसरे दार झाले, टप, बॉनेट, चाकांवरचे दोन्ही पत्रे. चार तास तो वाकलेला होता. शेवटी सरळ झाला तेव्हा कमरेतून आवाज आला. पण गाडीकडे पाहून तो आवाज त्याने माफ केला. मोतिया रंगात खोली आली होती. गोठ्याचे छप्पर, त्याचे लाकडी फाटे, फाट्यावरची कोंबडी, सगळे तिच्यात दिसत होते. त्या क्षणी गाडी शोरूममध्ये होती त्याहून नवी होती.

"शेवटची सूचना," रक्षा म्हणाली. "चोवीस तास हात लावू नये."

अंकुशने तिच्या वहीचे पान फाडून तेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले आणि गोठ्याच्या खांबाला खिळ्याने ठोकले. मग आंघोळ केली आणि तृप्ती तीन वेळा बोलल्यावर पिशवी घेऊन केवळरामच्या मोटरसायकलवर मागे बसून लाखनीच्या बाजाराला गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखतो, म्हणून त्याला तूप आणि हळद चोळतात आणि बैलाला उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. तुलारामजींनी हे पन्नासहून जास्त वर्षे केले होते. बैल नाहीत म्हणून या वर्षी ते करणार नाहीत असे घरात सगळ्यांनी धरून चालले होते. त्यांना विचारले कोणीच नव्हते.

अंकुश दिवे लागायच्या वेळी परतला तेव्हा गोठ्यात कंदिलाचा उजेड होता. आत तुलारामजी गाडीपुढे उभे होते. त्यांच्या डाव्या हातात पितळेची वाटी होती आणि उजव्या हातात घडी घातलेले पळसाचे पान. पुढच्या दोन्ही चाकांवरच्या पत्र्यांवर, बॉनेटच्या कडांपर्यंत, तूप आणि हळद होती. चोळून चोळून लावलेली. पत्रा पिवळा धमक होता आणि त्यावर ओघळ खाली येत होते.

अंकुशच्या हातातली पिशवी खाली गेली. कांदे गोठ्यात घरंगळले.

"बाबा," तो म्हणाला.

"आला का?" तुलारामजी मागे न पाहता म्हणाले. "खांदा कडक आहे याचा. पण सुजला नाही. रोज सत्तर किलोमीटर जाते म्हनते ना तू? मंग शेका लागते."

"बाबा, खांबावर पाटी होती."

"वाचली ना. हात नाही लावला." त्यांनी पळसाचे पान वर करून दाखवले. "पानानंच लावलं सगळं."

वरिष्ठ लिपिकाला मान्य करावे लागले. सूचना पाळली गेली होती.

मग तुलारामजी गाडीच्या कानापाशी, म्हणजे डाव्या आरशापाशी, वाकले. आवाज खाली करून म्हणाले, "आज आवतन घे रे बाबू. उद्या जेवाले ये." आणि सरळ होऊन लेकाकडे वळले. त्यांचा चेहरा अंकुशने वैशाखापासून असा पाहिला नव्हता. "नाव काय ठेवलं याचं?"

"कोणाचं?"

"नाही ठेवलं? दीड महिना झाला ना घरात येऊन!" ते मान हलवत हात धुवायला गेले.

ते गेल्याबरोबर अंकुशने मऊ कापड उचलले. पत्र्यावरची हळद पुसली. ती दारावर गेली. दारावरची पुसली, ती मागच्या दारावर गेली. तूप जिथे गेले तिथे हळद घेऊन गेले आणि ओले सीलंट दोघांनाही जागा देत गेले.

"पप्पा," दारातून रक्षा म्हणाली, "आता तुम्ही हात लावला."

अंकुशने निकेशला फोन केला.

"काय लावलं म्हणता, सर?"

"तूप आणि हळद."

"कोणतं तूप?"

"घरचं. तूप कोणतं आहे यानं फरक पडते का?"

"माहीत नाही, सर. ट्रेनिंगमध्ये तूप नव्हतं. तुम्ही असं करा, उद्या या. पोळ्याले दुकान बंद असते, पण तुमच्यासाठी बारापर्यंत उघडतो. मशीननं काढून टाकतो. बाराच्या नंतर मात्र ते पक्कं होईन."

"पक्कं म्हणजे किती दिवस?"

"सहा महिने," निकेश म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मालाविषयीचा अभिमान लपला नाही. "धुऊनही जात नाही."

केवळराम मोटरसायकल लावून कांदे वेचू लागायला आला होता. त्याने गाडीकडे पाहिले, दारावर आधीच वाळलेल्या हळदीवर बोट फिरवले, बोट पाहिले. बोट स्वच्छ होते. "औषध असली आहे बाप्पा," तो म्हणाला. "कोठून घेतलं? माह्या घराच्या रंगाले पाहिजे होतं."

अंकुश त्या रात्री जेवला नाही असे नाही. जेवला. पण काय जेवला ते त्याला आठवत नाही.

सकाळी साडेआठला तो तयार झाला. लाखनीतून महामार्ग, भंडारा, निकेश, मशीन, अकरापर्यंत परत. हळद निघालेली पाहून बाबा काय म्हणतील याचा विचार तो वाटेत करणार होता. "जरा भंडाऱ्याले जाऊन येतो," असे तृप्तीला सांगून तो गोठ्यात गेला आणि त्याने गाडीचे दार उघडले.

शेजारच्या सीटवर तुलारामजी बसले होते.

धुतलेले धोतर, पांढरी टोपी. दोन पायांमध्ये लोखंडी बादली आणि मांडीवर तणसीचे, म्हणजे धानाच्या वाळक्या काड्यांचे, दोन घट्ट वळलेले बोळे. पट्टा कसा लावायचा हे न कळल्याने त्यांनी तो नुसता हातात धरून ठेवला होता.

"चाल," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत न्हाऊ घालू. तलावावर सगळे गेले असन."

"बाबा, मले भंडाऱ्याले जरा काम होतं."

"आज?"

"बारापर्यंत जा लागते."

तुलारामजींनी बादली उचलली. "जा मंग," ते म्हणाले. "मी उतरतो." पण उतरले नाहीत, कारण दार कसे उघडायचे तेही त्यांना माहीत नव्हते. बादली पुन्हा खाली ठेवत ते म्हणाले, "पोळ्याच्या सकाळी तलावावर गेलो नाही असं एक वर्ष नाही माह्यं. या साली म्हटलं, आता काय, बसावं घरी. मंग काल ह्याले दावणीपाशी उभं पाहिलं."

अंकुशने गाडी सुरू केली. गावाच्या टोकाला रस्ता फुटतो. उजवीकडे लाखनी आणि पुढे महामार्ग. डावीकडे तलावाची पाळ. अंकुशने उजवा इंडिकेटर दिला. इंडिकेटर बराच वेळ टिकटिकत राहिला. मागून एक बैलजोडी आली, शेजारून गेली, डावीकडे वळली. अंकुशने इंडिकेटर बंद केला आणि तिच्या मागे गाडी घातली.

तलावाच्या उतारावर चिखल होता, शेण होते, पंधरावीस बैल होते आणि त्यांच्याहून जास्त माणसे. पांढरी गाडी पिवळे खांदे घेऊन आली तेव्हा सगळे वळले.

"तुलारामभाऊ!" पाण्यातून कोणीतरी ओरडले. "शिंगं कुठं आहेत जी याचे?"

"आरसे नाही दिसत का दोन बाजूले?" तुलारामजींनी खिडकीतून उत्तर दिले. ते इतक्या मोठ्याने बोलू शकतात हे अंकुश विसरला होता.

"एकटाच आणला? जोडी कुठं आहे?"

"केवळरामचा निळा आहे ना! पण तो न्हात नाही!"

तलावावर हशा उसळला. बैलांनीही माना वर केल्या. तुलारामजी बादली घेऊन उतरले, धोतर खोचले आणि पाण्याचा पहिला सपकारा बॉनेटवर मारला. पाणी थेंब थेंब होऊन, मोत्यांसारखे गोळा होऊन, झरझर खाली उतरले. औषध खरोखर उत्तम होते. हळदीचा एक कणही हलला नाही.

"हे पाह्य," तुलारामजी खुशीत म्हणाले, "पाणी अंगाले चिकटत नाही. जनावर निरोगी आहे."

आणि त्यांनी तणसीचा बोळा उचलून घासायला सुरुवात केली.

वाळक्या काडीचा आवाज पत्र्यावर कसा येतो, हे ज्याने ऐकले नाही त्याने ऐकू नये. अंकुशने डोळे मिटले. डोळे मिटल्यावर निकेशचा दिवा दिसला, म्हणून पुन्हा उघडले. गाडीत सीटवर ठेवलेला फोन वाजू लागला. घड्याळात सव्वानऊ होते. इथून निघाले तर अजूनही बाराच्या आत पोचता आले असते.

"उभा काय आहेस?" तुलारामजींनी दुसरा बोळा त्याच्याकडे फेकला. "ती बाजू तुही. आन उलटं नको घासजो, त्याले लागते. केस ज्या बाजूनं, त्याच बाजूनं."

फोन वाजायचा थांबला. अंकुशने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बोळा तलावात बुडवला आणि बॉनेटपुढे येऊन उभा राहिला.

"बाबा," त्याने विचारले, "याचे केस कोण्या बाजूनं आहेत?"

तुलारामजींचा हात थांबला. प्रश्न रास्त होता. ते दोन पावले मागे सरले, डोळे बारीक करून त्यांनी गाडीकडे आधी समोरून आणि मग बाजूने पाहिले.

"समोरून मागं," ते म्हणाले. "वारा जाते तसे."

अंकुशने हात ठेवला आणि समोरून मागे ओढला. पहिला ओरखडा चांगला वीतभर लांब आला, आणि अगदी सरळ.